भिंतीपलीकडची भागी

घरात प्लास्टिकच्या पिशव्या कशा साचतात बघा. मुद्दाम कोणी आणत नाही, पण दारामागे एका पिशवीत दुसरी, दुसरीत तिसरी कोंबलेली असते आणि फेकायला जीव होत नाही. विलासचे किस्से माझ्याकडे तसेच साचलेत. मी काही शोधायला गेले नव्हते. शहापूरला आमचं आणि त्याचं घर एकाच भिंतीचं, आणि भिंतही कसली, नावाला. पलीकडे कोणी कपात साखर ढवळली तरी इकडे कळतं. आता ऐकू येतंच आहे तर कान काय काढून ठेवू?

लोक म्हणतात, शालूकाकीला नाक खुपसायची खोड आहे. असू दे. मी सातवी शिकलेली बाई, आमचे हे वाशिंदच्या कंपनीत, दिवसभर घरात मी एकटी. नाक तरी कुठं ठेवायचं?

विलास धंद्याने पेंटर. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटा, निवडणूक आली की भिंती. आणि उरलेल्या वेळात तो कॉमिक्स काढायचा. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी छापणार नव्हतं. स्वतः चित्रं काढायची, झेरॉक्स मारायच्या, पिना ठोकायच्या आणि वर्षाला एक अंक मुरबाडजवळ म्हशाला बैलांची जत्रा भरते तिथं नेऊन विकायचा. त्याची नायिका भागी. धरणाच्या काठावर पाड्यात राहणारी बाई, डोक्यावर हंडा, आणि हंड्याखालची कापडाची चुंबळ हेच तिचं हत्यार. टँकरवाला असो, खोटा पुढारी असो, कोणी आडवा आला की भागी चुंबळ अशी फिरवून मारायची की थेट नाकावर! हंड्यातलं पाणी मात्र सांडायचं नाही.

संवाद लिहायचा बंडू. हा मुरबाड डेपोचा कंडक्टर, विलासचा शाळेपासूनचा दोस्त. झेरॉक्स काढायचे गजाभाऊ, त्यांचं दुकान कचेरीच्या बाहेर. बंडूचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पुढल्या म्हशाला बघ तू!" दरवर्षी तेच. विलास मला म्हणायचा, "काकी, कॉमिक्स काढणं सोपं हाय. दुसऱ्या दिवशी परत काढायला बसणं, ते कठीण."

* * *

विलासचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलगी मुरबाडकडची, संगीता. आम्ही जीप करून बघायला गेलो. मला तसं कोणी बोलावलं नव्हतं, पण जीपमध्ये जागा होती.

पोहे झाले, चहा झाला. मुलीचा मामा शाळामास्तर. त्याने चष्मा पुसत विचारलं, "पाट्या रंगवता ते कळलं. आणखी काय करता?"

विलासने खरं सांगायचं काही कारण नव्हतं. पण त्याने पिशवीतून भागीचा अंक काढून मामाच्या हातात दिला. मामाने एक एक पान उलटून सगळा पाहिला. विलासची आई माझा हात घट्ट धरून बसलेली.

मामाने अंक खाली ठेवला. "हे असलं काही पोरांच्या दप्तरात सापडलं की मी छडीने मारतो. इथं तर नवरदेवच काढतोय! याला कोण मारणार?"

आतल्या खोलीतून आवाज आला, "मी हाय ना!"

लग्न ठरलं! आणि पोरीने शब्दही पाळला. मारलं कधी नाही, पण विलास पेन टाकून उठला की ही दारात उभी. "उठलात? भागीला झाडाला टांगून ठेवलीय तुमी. तिला खाली कोण उतरवणार, माझा मामा?"

* * *

पहिल्या जत्रेला आम्ही सगळेच गेलो. एका बाजूला घोंगडीवाला, दुसऱ्या बाजूला बैलांच्या घुंगुरमाळा, मध्ये पोत्यावर भागी मांडलेली. लोक बैलाचे दात बघून यायचे आणि त्याच नजरेने अंक बघायचे. उचलायचे, पुढून-मागून बघायचे, परत ठेवायचे.

शेवटी एका म्हाताऱ्याने एक घेतला. विलासचा चेहरा असा फुलला! म्हातारा तिथंच घोंगड्यांच्या थप्पीवर बसला आणि मोठ्याने वाचू लागला. आवाज काय खणखणीत! भागी बोलली की बाईचा आवाज, टँकरवाला बोलला की जाडा आवाज. बघता बघता माणसं जमली. बायका बसल्या. घुंगुरमाळावाला गिऱ्हाईक सोडून आला. गोष्ट संपली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, कपडे झटकले आणि निघून गेले. ऐकून झाली, आता विकत कशाला घ्यायची?

बंडू डोकं धरून बसलेला. त्याने विलासला शोधलं, तर हा गर्दी पांगली तरी म्हाताऱ्याच्या पायाशी मांडी घालून बसलेला!

"अरे तू तरी ऊठ! तूच काढलंयस ते!"

"थांब रे," विलास म्हणाला, "तो परत पहिल्यापासून सांगतोय."

* * *

गजाभाऊंच्या दुकानात दिवसभर सातबाऱ्यांची रांग. त्यातून मशीन मोकळं झालं आणि वीजही असली, तर भागीचा नंबर लागायचा. एकदा ऐन घाईत वीज गेली आणि आली, गेली आणि आली. गजाभाऊंनी अंधारात गठ्ठे लावले आणि कागदांची सरमिसळ झाली.

एका गृहस्थाचं वारसनोंदीचं काम होतं. किती खेपा झालेल्या बिचाऱ्याच्या. त्या दिवशी तो फाइल घेऊन एका कचेरीत गेला, कुठल्या ते विचारू नका, आणि संध्याकाळी पेढे घेऊन गजाभाऊंकडे हजर. "भाऊ, तुमच्या हाताला यश आहे! एका खेपेत काम झालं!"

गजाभाऊंनी पेढा तोंडात टाकला आणि त्याच्या हातातले शिक्के मारलेले कागद सहज चाळले. पेढा घशातच राहिला. सातबाऱ्याच्या जागी भागी! भागी साहेबाच्या टेबलावर उभी राहून फायली उधळतेय, आणि खाली गोल शिक्का, शेजारी हिरव्या शाईत सही.

गजाभाऊ घामाघूम होऊन विलासकडे आले. "मेलो रे मी! आता पकडून नेतील!"

विलासने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे साहेबाने वाचलं नाय."

"नाय."

"पण सही केली."

"केली."

"चला. अडवलं तरी नाय कोणी!"

मग प्रश्न पडला, त्या गृहस्थाचा सातबाऱ्याचा कागद कुठं गेला? त्याचा पत्ता लागला पुढच्या जत्रेत. एक माणूस मुद्दाम पोत्याजवळ येऊन सांगून गेला, "गोष्ट झकास आहे. फक्त मधे तो जमीनवाला येतो ना, त्याचं पुढं काय झालं ते नीट दाखवलं नाय!"

* * *

आता हा ऐका. भागी चुंबळ गरगर फिरवतेय हे दाखवायला विलासने मुखपृष्ठावर तिला चार हात काढले. कॉमिक्समध्ये तशी रीतच असते म्हणे, हात भरभर हलतोय असं वाटावं म्हणून. चार हातांत चार चुंबळी, डोक्यावर हंडा, मागे गोल गोल रेघा.

जत्रेत एक बाई पोत्यासमोर थांबली. तिने चपला काढल्या.

"कुठली देवी ओ ही?"

विलासने तोंड उघडलं, पण कंडक्टर तो कंडक्टर, बंडू आधी बोलला, "मावशी, जागृत आहे!"

दुपारची जेवणं व्हायच्या आत पोतं रिकामं! रांग लागली रांग. परत येताना विलास एसटीत उभ्याने गाणी म्हणत आला. बंडू छाती ठोकून म्हणत होता, "सांगितलं होतं ना, पुढल्या म्हशाला बघ!" संगीताने त्या दिवशी घरात गूळ घालून खीर केली. वाटी मलाही आली.

उन्हाळ्यात विलास टोकावड्याच्या पुढे एका गावात शाळेची भिंत रंगवायला गेला. पाणी प्यायला एका घरात शिरला तर देवघरात भागी! प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली, कपाळाला हळदकुंकू, समोर निरांजन.

"वाचली का मावशी?" ह्याने आशेने विचारलं.

"देवीची पोथी कोणी उठसूट उघडतं काय रे? सोवळं लागतं!"

घरी येऊन तो भिंतीला टेकून बसला होता. मला दिसत नव्हतं, पण टेकलेलं कळतं.

पुढच्या जत्रेला बायका हजर. "ते चार हातवाले हाय का?" विलासने नवा अंक दाखवला. एक म्हणाली, "आतली पानं राहू देत तुमाला. नुसतं वरचं द्या. आणि जरा मोठं करा, फ्रेमला बसेल असं."

गजाभाऊ म्हणाले, "काढू या का? मशीनला मोठा कागद बसतो माझ्या."

विलासने नवे अंक परत सरळ मांडले. त्यानंतर भागीला त्याने कायम दोनच हात ठेवले. त्या जत्रेत नवा अंक कोणीच घेतला नाही.

* * *

मधे एका अंकात नवीनच पात्र आलं. कानूबाई नावाची. ही बाई भिंतीला पितळी पेला लावून, पेल्याला कान लावून शेजारचं सगळं ऐकत असते आणि गावभर सांगते. अंबाडा माझा. नाकातली मुरणी माझी. उंबऱ्यात पाय पसरून बसायची तऱ्हा माझी!

मला असा राग आला! मी आयुष्यात पेला लावला नाही. त्या भिंतीला पेला लावायची गरजच काय?

मी बोलणं बंद केलं. वाटीतून भाजी जायची ती बंद केली. पुढचा अंक आला तेव्हा मात्र राहवलं नाही, पहिला मीच उघडला. कानूबाई गायब! सबंध अंकात कुठं नाही.

मी तडक पलीकडे गेले. "ती बाई कुठं गेली रे?"

"काकी, तुमाला राग आला म्हणून काढून टाकली."

"राग मला आला होता," मी म्हटलं, "तिला का घरी बसवलीस?"

* * *

कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की मुंबईला जा, मोठ्या प्रकाशकाला दाखव. संगीताने शर्टाला इस्त्री केली. सगळे अंक पिशवीत भरून विलास गेला.

प्रकाशक माणूस चांगला होता, विलास सांगत होता. बसायला खुर्ची दिली. सगळे अंक नीट बघितले. "हात चांगला आहे तुमचा," म्हणाला. विलासला वाटलं, झालं आपलं काम.

मग म्हणाला, "पण गोष्ट पटत नाही हो. ही बाई धरणाच्या काठावर राहते म्हणता. आणि घागरभर पाण्यासाठी डोंगर चढून जाते? समोर एवढं धरण भरलेलं, आणि गावात टँकर? काल्पनिक असावं, पण किती? वाचकाला खरं वाटलं पाहिजे."

आता तुम्हाला सांगायला नको. आमच्या तालुक्यातली धरणं मुंबईची तहान भागवतात आणि मार्च लागला की त्याच धरणांच्या कुशीतल्या बायका रिकाम्या हंड्यांची रांग लावतात. माझं माहेर त्यातलंच एक. माझ्या डोक्यावरचे केस मधोमध विरळ आहेत ते काय वयाने नव्हे.

"मग तू सांगितलंस ना त्याला?" मी विचारलं.

"नाय."

"मग काय केलंस?"

"पाणी मागितलं. त्याने बेल मारली, शिपायाने काचेच्या ग्लासात आणून दिलं. चव ओळखीची लागली, काकी."

* * *

तालुक्यातल्या एका मंडळाने गुणवंतांचा सत्कार ठेवला. कापडी बॅनर रंगवायचं काम अर्थातच विलासकडे. दिवसभर अंगणात कापड पसरून तो नावं लिहीत होता. कबड्डीत जिल्ह्याला खेळलेला एक, परीक्षेत पहिली आलेली एक, फौजदार झालेला एक. सरपंचाचा भाचा होता, तो दुबईला गेला म्हणून गुणवंत. प्रत्येक नावाला वेगळी सावली, बाजूला वेलबुट्टी. विलासचं अक्षर म्हणजे बघत राहावं!

संगीता सूप घेऊन तांदूळ निवडायला ओट्यावर बसली होती. तिने सगळं बॅनर वाचलं. परत वरून खालपर्यंत वाचलं.

"ह्यात तुमचं नाव कुठाय?"

"त्यांनी दिलं नाय."

"अहो, पण ब्रश तुमच्या हातात होता!"

विलासने ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला आणि शांतपणे म्हणाला, "जागा उरली नाय गो."

कार्यक्रमाच्या दिवशी बॅनर बांधायलाही तोच शिडीवर चढला होता.

* * *

मग फ्लेक्स आले. आधी कल्याणला, मग भिवंडीला, मग आमच्या नाक्यावर. आज फोटो द्या, उद्या बोर्ड घ्या. वेलबुट्टीची सावली कोणाला पाहिजे? विलासच्या दुकानात डबे वाळून गेले.

बंडूने एसटी सोडली. आटगावपासून मुरबाडपर्यंत जमिनींना सोन्याचा भाव आलेला, मुंबईची माणसं फार्महाऊस शोधत फिरायची, आणि बंडू झाला एजंट. पांढरा शर्ट, नवी मोटरसायकल. एके दिवशी तो पलीकडे आला. मी उंबऱ्यातच होते.

"विलास, काम आणलंय. धरणाच्या काठाला बंगले होतायत. त्यांना जाहिरातीचं पुस्तक पाहिजे, चित्रांचं. आपली भागी घालू!"

"भागी? बंगल्यात?"

"रंगीत रे! गुळगुळीत कागद! तुझी भागी जन्मात कधी रंगीत झालीय काय? संवाद मीच लिहितो, जुनी जोडी!"

नेहमी दारात येऊन बोलणारी संगीता त्या दिवशी आतून आली नाही. त्यांची पोरगी आठवीत गेली होती, विलासचं दुकान बंद होतं. तिने काय बोलायचं?

विलासने काढलं. ते पुस्तक छापून आलं तेव्हा पहिलं मलाच दाखवलं. खरंच, इतकी सुंदर छपाई झालेली भागी मी कधी पाहिली नव्हती. बंगल्याच्या व्हरांड्यात उभी, इस्त्रीची साडी, हातात ट्रे, ट्रेत पाण्याचे ग्लास. मागे निळंशार धरण. वर बंडूचा संवाद, "या ना! पाणी चोवीस तास!"

"विलास, हिच्या डोक्यावरचा हंडा कुठाय?"

"नळ आलाय ना, काकी."

"आणि चुंबळ?"

त्याने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि आत गेला.

त्या वर्षीचा भागीचा अंक निम्मा झालेला होता. टँकरवाल्याने विहिरीला कुलूप घातलंय, भागी कुंपणावरून उडी मारून दोराने विहिरीत उतरलीय, आणि वर टँकरवाल्याचा माणूस कोयत्याने दोर कापतोय. तेवढ्याच पानांच्या झेरॉक्स गजाभाऊंनी आधीच काढून ठेवल्या होत्या. पुढचं पान विलास काढीना. जत्रा जवळ आली. संगीता शेवटी दारात उभी राहिली.

"अहो, बाई विहिरीत लोंबकळतेय."

पलीकडून इतक्या थंड आवाजात उत्तर आलं की इकडे माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

"लोंबकळू दे."

जत्रा झाली. विलास गेला नाही. पुढची झाली, गेला नाही. नाक्यावरच्या फ्लेक्सवाल्याकडे तो कामाला लागला. वाढदिवसाच्या पुढाऱ्यांचे चेहरे कॉम्प्युटरवर गोरे करायचे आणि मग ते बोर्ड खांबाखांबाला बांधत फिरायचं. घरी येऊन जेवायचा, झोपायचा. भिंतीपलीकडून कागदाचा आवाज म्हणून येईना. मी तेव्हाच शिकले, भिंत कशाला म्हणतात ते.

एका रविवारी रद्दीवाला आला. विलासने स्वतः माळ्यावरून गठ्ठे काढले. जुने अंक, निम्मा राहिलेला अंक, सगळं. मी म्हटलं, "अरे, एक एक तरी ठेव घरात!"

"कशाला?" म्हणाला. "माळा मोकळा झाला तर पोरीला अभ्यासाचं सामान ठेवता येईल."

संगीताने रद्दीवाल्याला गठ्ठे उचलायला हात लावला. ती रडली वगैरे नाही. फक्त शेवटचा गठ्ठा तिने जरा जोरात आपटला.

* * *

त्यानंतर काही महिन्यांनी मी टोकावड्याला बहिणीकडे निघाले होते. शहापूरच्या स्टँडवर विलास भेटला. खांद्यावर फ्लेक्सची गुंडाळी, त्यात कोणाचे तरी हसरे दात दिसतायत. त्याला मुरबाडला जाऊन तो बांधायचा होता. गाडी लागायची होती, म्हणून आम्ही भजीच्या गाडीपाशी सावलीला उभे राहिलो.

तिथं मुरबाडच्याच गाडीची वाट बघत एक माणूस भजी खात होता. पायजमा, पायाला चिखल, बगलेत नवीन फावड्याचा दांडा. शेवटचं भजं तोंडात टाकून तो कागद चुरगाळणार, तर थांबला. कागद सरळ केला. तेलाचे डाग पडलेले त्यातून नीट बघू लागला. मग कागद फिरवून मागची बाजू बघितली. ती कोरी.

"ए भाऊ," तो भजीवाल्याला म्हणाला, "अजून एक प्लेट दे. पण ह्याच्या पुढच्या पानात दे."

भजीवाल्याने कागदांच्या थप्पीतून एक ओढला, भजी बांधून दिली. माणसाने भजी तळहातावर ओतून घेतली, कागद बघितला. "हा मागचा आहे रे. ह्यात ती कुंपणावर चढतेय. मला विहिरीच्या पुढचा पाहिजे!"

मी विलासकडे बघितलं. तो फ्लेक्सची गुंडाळी धरून उभा.

"तिसरी प्लेट दे," माणूस म्हणाला.

"अहो खाणार किती?"

"ते मी बघतो. तू पान काढ!"

भजीवाला वैतागला. त्याने थप्पी उलटीपालटी केली. "नाय सापडत. नसेल ह्यात."

"नसेल कसं? कोणी बाईला विहिरीत सोडून देतं होय? वरती तो दोर कापतोय! असेल, नीट बघ!"

ते पान नव्हतंच. हे त्या स्टँडवर फक्त दोन माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातली एक मी. मी तोंड उघडणार होते. माझ्यासारखीने गप्प कसं राहायचं? पण विलासने फ्लेक्सची गुंडाळी माझ्या हातात दिली. मुरबाडची गाडी लागली. कंडक्टर ओरडला, "चला, मुरबाड, मुरबाड!" विलास गाडीच्या दिशेने गेला नाही. भजीवाल्याच्या कानावर पेन्सिल खोचलेली होती, ती त्याने न विचारता काढली. थप्पीतला एक कागद उलटा केला आणि भजीच्या गाडीच्या फळीवर, मिरच्यांच्या परातीशेजारी, वाकून काढू लागला.

तो माणूस शेजारी येऊन बघत राहिला. हा कोण, ह्याला कसं येतं, काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "दोर जाड काढा. कोयत्याने एका घावात तुटत नाय तो."

विलासने दोर जाड केला.

डबल बेल झाली. गाडी हलली. मी हाका मारल्या, "अरे विलास! ओ दादा, तुमची पण गाडी गेली!" दोघांपैकी एकानेही मान वर केली नाही. पान संपलं तसं माणसाने ते उचलून उजेडात धरलं, पूर्ण बघितलं, हळूच फळीवर ठेवलं.

"हां. मग पुढं?"

विलासने थप्पीतून दुसरा कागद ओढला. मग तिसरा. मी एका हातात पुढाऱ्याचे दात आणि दुसऱ्या हातात बहिणीला न्यायची पापडाची पिशवी घेऊन उभी. एव्हाना भजीपाशी चार गिऱ्हाईकं जमली होती, आणि भजीवाला झारा आपटून ओरडत होता, "ओ पेंटर! कागद जरा जपून वापरा! माझी भजी काय लोकांच्या हातात देऊ?"